रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टरमधील भागबदल

रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टरमधील भागबदल म्हणजे प्रतिरूप हेलिकॉप्टरचे मूळ सुटे भाग काढून त्यांच्या जागी अधिक मजबूत, हलके, अचूक किंवा शक्तिशाली भाग बसवणे होय. लहान विद्युत हेलिकॉप्टरांमध्ये, विशेषतः सुमारे ३२५ मिलिमीटर लांबीची मुख्य पाती असलेल्या ‘४५०’ वर्गात, ही पद्धत रूढ आहे. एका भागातील बदलाचा ताण इतर भागांवर पडत असल्याने असे बदल सुटेपणाने न करता संपूर्ण यंत्रणेचा विचार करून करावे लागतात.

पार्श्वभूमी

जर्मनीतील डीटर श्लूटर हे १९७० च्या दशकाच्या आरंभी व्यवहार्य रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर विकसित करणाऱ्या प्रवर्तकांपैकी एक होत. सुरुवातीची हेलिकॉप्टरे इंधनाच्या इंजिनावर चालत. ब्रशरहित मोटर व लिथियम-पॉलिमर बॅटरी सहज उपलब्ध झाल्यावर लहान विद्युत हेलिकॉप्टरांचा प्रसार झाला.

रोटरशीर्ष

स्वस्त संचांत रोटरशीर्ष व पात्यांचे धारक प्लॅस्टिकचे असतात. त्यांऐवजी ॲल्युमिनियम मिश्रधातूचे भाग बसवल्यास सांध्यांतील ढिलेपणा कमी होतो आणि नियंत्रण अचूक होते. मात्र धातूचे भाग बहुधा जड व महाग असतात. अपघातात प्लॅस्टिकचा भाग तुटून आघात शोषून घेतो. धातूचा भाग तोच आघात फेदरिंग शाफ्ट, मुख्य आस किंवा सर्व्होच्या दात्यांपर्यंत पोहोचवतो. त्यामुळे नवशिक्यांसाठी प्लॅस्टिकचे भाग पुष्कळदा सोयीचे ठरतात.

मोटर व दंतचक्रे

ब्रशयुक्त मोटरच्या जागी ब्रशरहित मोटर बसवताना गतिनियंत्रकही बदलावा लागतो. रोटरचा वेग मोटरचे केव्ही मूल्य (दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे), बॅटरीचा दाब आणि दंतचक्रांचे गुणोत्तर यांवर अवलंबून असतो. उदाहरणार्थ, ३५०० केव्हीची मोटर, ११.१ व्होल्टची बॅटरी, ११ दात्यांचे लहान चक्र व १५० दात्यांचे मुख्य चक्र असल्यास रोटरचा सैद्धांतिक वेग मिनिटाला सुमारे २८५० फेरे येतो. लहान चक्र १३ दात्यांचे केल्यास तो सुमारे ३३७० होतो. प्रत्यक्ष उड्डाणात भारामुळे हे आकडे कमी असतात.

वेगातील ही वाढ सुमारे १८ टक्के असली, तरी अपकेंद्री बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने पात्यांच्या धारकांवरील ताण सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. पात्यांचा कोन तोच ठेवल्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १.६५ पट होते. परिणामी मोटर, गतिनियंत्रक व बॅटरी अधिक तापतात आणि उड्डाणाचा अवधी घटतो.

फ्लायबारविरहित रचना

जुन्या रचनेत रोटरला स्थैर्य देण्यासाठी टोकांना वल्ह्यासारखे पंख असलेली आडवी दांडी, म्हणजे फ्लायबार, वापरली जाते. फ्लायबारविरहित रचनेत हे काम त्रिअक्षीय इलेक्ट्रॉनिक गायरो करतो. दांडी व तिचे जोड निघाल्याने वजन व हवेचा रोध कमी होतो. मात्र सर्व्हो जलद व मजबूत असावे लागतात आणि गायरोची मांडणी अचूक करावी लागते. गायरोची सुधारणा-दिशा उलटी ठेवल्यास हेलिकॉप्टर उड्डाण करतानाच कलंडते.

सुरक्षितता

३० ग्रॅम वजनाच्या पात्याचा गुरुत्वमध्य आसापासून २० सेंटिमीटर अंतरावर धरल्यास, मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने धारकावर सुमारे ५९० न्यूटन, म्हणजे ६० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ पडते. सैल स्क्रू, वाकलेला फेदरिंग शाफ्ट किंवा तडा गेलेले पाते यांमुळे पाते निखळून गंभीर इजा होऊ शकते. म्हणून धातूत बसणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉक लावणे, दोन्ही पात्यांचे वजन जुळवणे आणि पाती एकाच पातळीत फिरत असल्याची खात्री करणे आवश्यक असते. मांडणीच्या वेळी मोटरच्या तारा सोडवून ठेवतात. बदलानंतरचे पहिले उड्डाण मोकळ्या जागी, माणसांपासून दूर आणि कमी वेगाने केले जाते.