हातकडीऐवजीं हजेरीचा कागद

श्रोतेहो, आपल्या जुन्या मराठी व्यवहारांत जामिनाचे निरनिराळे प्रकार असत. पैशाची हमी घेणारा तो मालजामीन आणि माणूस ठरल्या वेळीं हजर करण्याची हमी घेणारा तो हाजिरजामीन. हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे आजच्या विषयाचा निम्मा उलगडा होतो. न्यूयॉर्क शहरांत १९६१ सालापासून जें घडलें, तें पहिल्याकडून दुसऱ्याकडे वळण्याचेंच एक प्रकरण होय.

त्या शहरांत लुई श्वाइट्झर नांवाचे एक उद्योगपति होते. जन्म रशियन साम्राज्यांतला, धंदा कागदाचा. ब्रुक्लिन येथील कच्च्या कैदेंत अनेक तरुण केवळ जामिनाची रक्कम भरतां येत नाहीं म्हणून महिनोन्‌महिने खितपत पडले आहेत, हें त्यांच्या कानीं आलें. त्यांपैकीं कोणावरहि ज्या गुन्ह्यासाठीं ते आंत होते तो शाबीत झालेला नव्हता! हर्बर्ट स्टर्झ या तरुण संपादकास हाताशीं धरून श्वाइट्झर यांनीं १९६१ सालीं एक संस्था काढली व तिला आपल्या मातोश्रींचें ‘व्हेरा’ हें नांव दिलें.

संस्थेची रीत फार साधी होती. न्यूयॉर्क विद्यापीठांतील कायद्याचे विद्यार्थी आरोपीला न्यायाधीशापुढें उभें करण्यापूर्वीं गांठीत व विचारीत : राहतां कोठें? किती वर्षें? घरीं कोण कोण असतें? नोकरी कसली? पूर्वीं शिक्षा झाली आहे काय? उत्तरांना गुण दिले जात. नातलगांकडे किंवा मालकाकडे दूरध्वनीवरून खातरजमा होई. शहरांतला पत्ता व किमान पांच गुण असले कीं रकमेवांचून सोडण्याची शिफारस होत असे. आम्हां मास्तरांना पस्तीस गुणांवर पास करण्याची संवय. तेथें पांच गुणांवर माणूस मोकळा होत होता. परीक्षा मात्र कच्ची नव्हती. पहिल्या तीन वर्षांत असे जे सोडले, त्यांतले जाणूनबुजून गैरहजर राहणारे शेंकडा दोनांहूनहि कमी निघाले.

तथापि कोर्टापुढें येईपर्यंतची कोठडी कोणाला चुकली होती? दुकानांतून लहानसहान वस्तु उचलणारा किंवा शेजाऱ्याशीं हातघाईवर आलेला मनुष्य, त्यालाहि रात्र आंतच काढावी लागे. दुसरे दिवशीं कामावरची गैरहजेरी आणि चाळींत झालेला बोभाटा, ही शिक्षा कोणत्याहि न्यायाधीशानें सांगितलेली नसे. शिवाय पकडणाऱ्या शिपायालाहि त्याच्याबरोबर कोर्टांत तिष्ठत बसावें लागे, म्हणजे तेवढा वेळ गस्त बंद. म्हणून एप्रिल १९६४ मध्यें पोलीस खातें व ही संस्था यांनीं मिळून मॅनहॅटनमधील एका ठाण्यांत नवा प्रयोग मांडला. आरोपीला ठाण्यावर आणावयाचें, तेच प्रश्न तेथेंच विचारावयाचे, आणि खात्री पटल्यास अमुक तारखेस कोर्टांत हजर राहावें असा समन्स हातीं देऊन घरीं पाठवावयाचें. १९६७ सालीं ही पद्धत साऱ्या शहराला लागू झाली.

येथवरची कथा ऐकून सर्व कांहीं गोडच झालें असें कोणी समजूं नये. पुढें पुढें गैरहजर राहणारांची संख्या वाढली. या कागदाच्या इंग्रजी नांवांत ‘ॲपीअरन्स’ हा शब्द आहे. थट्टेखोरांनीं त्याला एक उपसर्ग जोडून त्याचें ‘डिसॲपीअरन्स’ केलें, म्हणजे बेपत्ता होण्याचें तिकीट! माझ्या मतें दोष कल्पनेचा नव्हे. चौकशी करून दिलेला कागद निराळा आणि चौकशीवांचून सोडलेला निराळा. आणि तारीख जितकी लांबची, तितका विसर सोपा. न्यूयॉर्क राज्यानें २०१९ सालीं केलेला व १ जानेवारी २०२० पासून अमलांत आलेला कायदा पाहा : बहुतेक किरकोळ गुन्ह्यांत कागद देणें पोलिसांवर बंधनकारक झालें, आणि हजेरीची तारीख वीस दिवसांच्या आंतली असावी असेंहि ठरलें.

सगळी अमेरिका मात्र या वाटेनें गेली नाहीं. १९९७ सालीं टेक्सास संस्थानांत एका आईनें मोटारींत आसनपट्टा बांधला नाहीं, लहान मुलांनाहि बांधला नाहीं, म्हणून तिला हातकड्या घालून नेण्यांत आलें. गुन्ह्याला दंड जास्तींत जास्त पन्नास डॉलर! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि २००१ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं न्यायालय म्हणालें कीं, अशी अटक घटनेच्या विरुद्ध नाहीं. एका मताचा फरक!

आपल्याकडे राष्ट्रीय पोलीस आयोगानें आपल्या तिसऱ्या अहवालांत म्हटलें होतें कीं, सुमारें शेंकडा साठ अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात. त्यानंतर बराच काळ लोटला. फौजदारी प्रक्रिया संहितेंत कलम ४१-अ घालण्यांत आलें व तें १ नोव्हेंबर २०१० रोजीं अमलांत आलें. अटकेची जरूर नसेल तेथें पोलिसांनीं हजर राहण्याची नोटीस द्यावी असा त्याचा आशय. तरीहि जुनी संवय सुटेना. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आपोआप अटक करूं नये, कारणें लिहून ठेवावीं, असें सर्वोच्च न्यायालयाला २ जुलै २०१४ रोजीं बजावून सांगावें लागलें.

१ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे व नोटिशीची तरतूद तिच्या कलम ३५ मध्यें आहे. नोटिशीप्रमाणें वागणाऱ्यास, कारणें नोंदल्याशिवाय, त्या गुन्ह्यासाठीं अटक करतां येत नाहीं. न वागणाऱ्यास करतां येते. त्याच कलमांत माझ्या वयाच्या श्रोत्यांसाठींहि एक ओळ आहे. गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांहून कमी असेल आणि आरोपी अशक्त किंवा साठीच्या पुढचा असेल, तर पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याची आधीं परवानगी घेतल्यावांचून त्याला अटक होऊं शकत नाहीं.