उंबरठ्यावरचे अंतर : साक्षरतेपासून इंटरनेटपर्यंत

विद्येचे एखादे नवे साधन समाजात आले की ते सर्वांसाठी आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु घराच्या उंबरठ्यापर्यंत आलेले ते साधन आत कोणाच्या हाती पडते, याचा विचार केल्याखेरीज त्याच्या प्रसाराचा इतिहास पुरा होत नाही. इंटरनेटच्या बाबतीत हा विचार विशेष अगत्याचा आहे. कारण आज दिसणारे स्त्री-पुरुषांतील अंतर नवे भासले तरी त्याचे मूळ बरेच जुने आहे.

१९०१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात दर हजारी सुमारे ९८ पुरुष साक्षर आढळले, तर स्त्रिया अवघ्या ७. हे अंतर केवळ शाळांच्या अभावाचे नव्हते. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली झाला. त्यांना शिकविण्यास पती उत्सुक असूनही घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांना किती सोसावा लागला, हे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत नमूद आहे. शिक्षक घरातच होता. अडसरही घरातच होता.

संस्थानिकांपैकी सयाजीराव गायकवाड यांनी हा अडसर ओळखला होता, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो बडोदे संस्थानभर लागू केला. तरीही त्या कायद्यात सक्तीचे वय मुलांसाठी ७ ते १२ आणि मुलींसाठी ७ ते १० असे ठेवले होते. सुधारणेच्या कायद्यातही दोन वर्षांचे अंतर उरलेच. पुढे १९१० पासून तेथे ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली. तिच्यात फिरत्या पुस्तकपेट्या खेडोपाडी गेल्या आणि राजधानीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय झाली. सार्वजनिक वाचनालयाचे दार सर्वांना उघडे असले, तरी त्या दारापर्यंत येणे सर्वांना सारखे सोपे नसते, ही जाणीव त्या योजनेच्या मुळाशी दिसते.

याच दृष्टीने इंटरनेटकडे पाहावे. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात ही सेवा सर्वसामान्यांस खुली केली. आरंभी ती दूरध्वनीच्या तारेवर, संगणकावर आणि प्रायः इंग्रजीतून चाले. कचेरी आणि शहरांतील सायबर कॅफे ही तिची ठिकाणे होती, आणि तेथे वावर मुख्यतः पुरुषांचा होता. २०१६ नंतर दर उतरले आणि इंटरनेट मोबाइल फोनवर घरोघर पोचले. त्यामुळे अंतर आपोआप मिटेल, अशी अपेक्षा होती. पण २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया शेकडा ३३.३ आणि पुरुष ५७.१ आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ३८ आणि ६१.५ होते, तर गोव्यात ७३.७ आणि ८२.९. स्वतः वापरावयाचा मोबाइल फोन असलेल्या स्त्रिया देशभरात शेकडा ५४ होत्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रियांच्या हाती येणारा फोन पतीचा, मुलाचा वा भावाचा होता. किंवा येतच नव्हता. मागून घेतलेल्या साधनावर शोध, पत्रव्यवहार वा अभ्यास मोकळेपणाने होत नाही. दुसऱ्याच्या नजरेखाली वाचलेल्या पत्रासारखीच ती गोष्ट आहे.

हा अडसर घरापुरताच राहत नाही. केरळात कोळिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी ६ ते १० या वेळेत मोबाइल वापरण्यास बंदी होती. ती न मानल्यामुळे वसतिगृहातून काढलेल्या विद्यार्थिनीने दाद मागितली. इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला. अभ्यासाच्या वेळीच साधन काढून घेणाऱ्या शिस्तीला 'काळजी' हे नाव देता येत नाही, हा त्या निर्णयाचा आशय शिक्षकांनी मनन करण्यासारखा आहे.

या अंतराची किंमत लवकरच कळून आली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या व पाठ फोनवर आले. ज्या घरी एकच फोन होता, तेथे तो कोणत्या मुलाच्या हाती द्यावयाचा, हे घरातच ठरू लागले. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या नागरिकांना लसीसाठी आधी इंटरनेटवर नाव नोंदविणे आवश्यक होते. सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीची मुभा २४ मे रोजी मिळाली. तोवर ज्या स्त्रीपाशी फोन नव्हता, तिला आपल्या हक्कासाठीही दुसऱ्याच्या हाताकडे पाहावे लागले.

२०११ च्या जनगणनेत पुरुषांची साक्षरता शेकडा ८०.९ आणि स्त्रियांची ६४.६ होती. एका शतकाहून अधिक काळ शाळा, कायदे आणि ग्रंथालये झटूनही एवढे अंतर उरले. मग केवळ स्वस्त दरांनी नवे अंतर मिटेल, हा भरवसा इतिहासाला धरून नाही. बडोद्याच्या पुस्तकपेटीचा बोध असा, की साधन स्त्रीच्या जागेपर्यंत, तिच्या सवडीच्या वेळी आणि तिच्या भाषेत गेले पाहिजे. शाळेतील संगणकापाशी मुलींसाठी राखून ठेवलेला एक तास, किंवा ग्रामवाचनालयात दुपारच्या वेळी मराठीतून दिलेले मार्गदर्शन, या गोष्टी लहान दिसतात. परंतु वर्गात 'घरी फोन आहे का?' असे विचारण्याऐवजी 'तो तुझ्या हाती केव्हा येतो?' असे विचारणारा शिक्षकच या कामाचा खरा आरंभ करील.