तंत्रज्ञान व्यवस्थापन आणि क्वांटम संगणन : पदव्युत्तर शिक्षणाचे दोन प्रवाह

इ. स. १९८१ हे वर्ष तंत्रज्ञानशिक्षणाच्या इतिहासात दुहेरी अर्थाने महत्त्वाचे ठरते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत त्या वर्षी तंत्रज्ञान व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच संस्थेने आय.बी.एम.समवेत भरविलेल्या परिषदेत रिचर्ड फाइनमन यांनी, निसर्गाचे अनुकरण करावयाचे तर संगणकही क्वांटम तत्त्वांवर चालणारा हवा, असा विचार मांडला.

तथापि या दोन प्रवाहांची दीर्घकाळ गाठ पडली नाही. व्यवस्थापनाचा अभ्यास प्रामुख्याने कारखान्यात उतरलेल्या तंत्रज्ञानाचा होता; क्वांटम संगणन भौतिकशास्त्र विभागांपुरते राहिले. डेव्हिड डॉइच यांनी १९८५ मध्ये मांडलेली सार्वत्रिक क्वांटम संगणकाची संकल्पनाही याला अपवाद नव्हती. पीटर शोर यांच्या १९९४ च्या अल्गोरिदमने मात्र चित्र पालटले. मोठ्या संख्यांचे मूळ अवयव काढण्याच्या अवघडपणावर विसंबलेली सांकेतिक सुरक्षा भेद्य आहे, हे त्याने दाखविले. यंत्र सिद्ध होण्यापूर्वीच त्याविषयी निर्णय घेणे व्यवस्थापकास भाग पडले, आणि व्यवस्थापनशास्त्राला ही सवय फारशी नव्हती. अशा हल्ल्यास तोंड देणारी मानके अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केली.

भारतात एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी मिळाली. त्यातील संगणनाचे केंद्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे, तर संवेदन व मापनाचे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आले. बँकेची कोणती माहिती आधी नव्या मानकांवर न्यावी, हा मूलतः व्यवस्थापनाचा प्रश्न होय. मिशनची चारही केंद्रे मात्र तांत्रिक विषयांनुसारच आखलेली आहेत.