उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक : फरक कसा ओळखायचा?

नागपूर जिल्ह्यातील सावनेर संत्री, कापूस आणि कोळशाच्या खाणींसाठी ओळखले जाते. मराठी साहित्यात मात्र या गावाची नोंद आहे ती राम गणेश गडकरी यांच्यामुळे. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी त्यांचे सावनेरला निधन झाले. कल्पना आणि अलंकारांनी नटलेल्या भाषेमुळे त्यांना ‘भाषाप्रभू’ म्हटले जाते. हे अलंकार ओळखायचे कसे, ते सावनेरच्याच परिसरातील उदाहरणांतून पाहू.

एकच शेत, तीन अलंकार

उपमा : ‘वेचणीला आलेले शेत चांदण्यासारखे पांढरे दिसत होते.’ शेत हे उपमेय, चांदणे हे उपमान, पांढरेपणा हा साधारण धर्म आणि ‘सारखे’ हा साधर्म्यवाचक शब्द. दोन्ही गोष्टी वेगळ्याच राहतात, त्यांतले साम्य फक्त दाखवले जाते.

उत्प्रेक्षा : ‘ते शेत म्हणजे जणू जमिनीवर उतरलेले चांदणेच!’ शेत हेच चांदणे असावे, अशी कल्पना येथे केली आहे. ‘जणू’, ‘वाटे’, ‘गमे’ या शब्दांवरून उत्प्रेक्षा ओळखता येते.

रूपक : ‘कापसाचे चांदणे शेतभर पसरले होते.’ येथे कापूस आणि चांदणे एकरूप झाले आहेत. ‘सारखे’ नाही, ‘जणू’ही नाही.

निर्जीव वस्तूला किंवा झाडाला माणसाच्या भावना दिल्या, की चेतनगुणोक्ती होते : ‘पावसाची वाट पाहून संत्र्याची बाग हिरमुसली.’

गडकऱ्यांच्या नाटकांची नावे

‘भावबंधन’ म्हणजे भाव हेच बंधन, म्हणजेच रूपक. ‘एकच प्याला’मध्ये प्याला म्हणजे नुसते भांडे नव्हे, तर त्यातली दारू आणि सुधाकरच्या सर्वनाशाची सुरुवात. शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी संबंधित अर्थ घेणे, याला लक्षणा म्हणतात.

उपमा कधी फसते?

‘चंद्रासारखा चेहरा’ इतका वापरून झाला आहे, की त्यातून डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. दुसरी चूक अधिक गंभीर. वेचणीच्या तोंडावर पाऊस येऊन कापूस भिजला असेल, तर त्या शेताला ‘चांदणे’ म्हटल्याने वाक्य सुंदर होईल, पण शेतकऱ्याचे नुकसान झाकले जाईल.

म्हणून लिहून झाल्यावर उपमा काढून वाक्य पुन्हा वाचावे. वर्णनातले काहीच कमी झाले नाही, तर त्या उपमेची गरज नव्हती.