बंदर आणि प्रवाळ : खानदेशातून निघणारी एक सहल

जळगाव-धुळ्याच्या शाळांना समुद्र दाखवायचा म्हटले की मुंबई किंवा कोकण आठवते. पण खानदेशाचे जुने बंदर मुंबई नव्हे, तर सुरत. जळगावहून अमळनेर, नंदुरबार, नवापूर या मार्गाने रेल्वेने सुरत सुमारे तीनशे किलोमीटर आहे. तेथून रात्रभराच्या प्रवासाने जामनगर गाठता येते आणि जामनगरच्या किनाऱ्यालगत कच्छच्या आखातात प्रवाळ आहेत. एका सहलीत बंदर आणि प्रवाळ दोन्ही पाहता येतील. मग मुलांना एक प्रश्न विचारावा : सुरतेलाच प्रवाळ का नाहीत?

उत्तराची सुरुवात आपल्या घराजवळून, तापीपासून होते. मुलताईजवळ उगम पावणारी ही नदी सुमारे ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातून बैलांचे तांडे आणि गाड्या माल घेऊन सुरतेला जात. बऱ्हाणपूर, थाळनेर, नंदुरबार, नवापूर ही त्या वाटेवरची गावे. इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेजवळ उतरला आणि खानदेशातूनच बऱ्हाणपूरला गेला. कापसाच्या कापडासाठी इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात धरणगावला वखारही घातली होती. नदीचे खोरे म्हणजे मालाची वाट, आणि नदीचे मुख म्हणजे बंदर, असा तो हिशेब होता.

पण तापी केवळ वाट देत नव्हती. पावसाळ्यात ती आपल्या काळ्या मातीचा गाळही नेत होती. मुखाशी पाणी उथळ असल्याने मोठी जहाजे सुरतेपर्यंत न येता बाहेर सुवाळीला नांगर टाकत. तेथून माल गाड्यांतून किंवा लहान होड्यांतून शहरात येई.

हाच गाळ प्रवाळांना मारक ठरतो. प्रवाळभित्ती बांधणारे प्राणी इवलेसे असतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. पाणी गढूळ झाले की प्रकाश अडतो, आणि अंगावर गाळ साचला की प्राणी गुदमरतो. पुराचे गोडे पाणीही त्यांना सोसत नाही. जी नदी बंदराला माल पुरवत होती, तीच प्रवाळांना दूर ठेवत होती.

तरीही सुरतेत पोवळे होते, आणि तेही विकायला! भूमध्य समुद्रातले लाल पोवळे युरोपीय व्यापारी जहाजांनी सुरतेला आणत. हा व्यापार फार जुना. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत भडोचला येणाऱ्या मालात पोवळ्याची नोंद आहे. दागिन्यातले हे पोवळे शैवालांशिवाय, अंधूक प्रकाशातही वाढते. कच्छच्या आखातातले प्रवाळ वेगळे; त्यांचे सांगाडे सच्छिद्र चुनखडीचे असतात. त्यांचे मणी होत नाहीत, पण भित्ती होते.

आखाताचा दक्षिण किनारा कोरडा आहे. तेथे तापीसारखी मोठी नदी मिळत नाही. भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहांमुळे पाणी अगदी नितळ नसते, पण तेथे तग धरणाऱ्या जाती टिकल्या. पूर्वी सिमेंटसाठी या भागातली प्रवाळवाळू काढली जात असे. १९८० साली येथे सागरी अभयारण्य आणि १९८२ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

आता इतिहासाने घेतलेले वळण पाहू. १९००च्या सुमारास तापी खोऱ्यातून सुरत-अमळनेर रेल्वे झाली, तोपर्यंत मोठा व्यापार मुंबईला गेला होता. रेल्वे आणि पुढे पाइपलाइन आल्यावर बंदराला नदीच्या खोऱ्याची गरज उरली नाही. त्याला हवे झाले खोल आणि आडोशाचे पाणी. कच्छच्या आखातात ते मिळाले. सिक्का, वाडीनार येथे आज तेलवाहू जहाजांसाठी सोयी आहेत आणि प्रवाळांचे किनारे त्यांच्या शेजारीच आहेत. पूर्वी नदीने बंदर आणि प्रवाळ यांना वेगळे ठेवले होते. आता ते काम माणसाच्या नियमांना करावे लागते. तेलगळती आणि खोदकामाचा गाळ यांच्या जोडीला समुद्राचे वाढते तापमानही आहे. पाणी फार तापले की शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. १९९८ साली लक्षद्वीपमध्ये असे मोठ्या प्रमाणावर घडले.

सहल हिवाळ्यात ठेवावी. सुरतेत तापीकाठचा जुना किल्ला आणि डच दफनभूमी पाहावी. मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणाऱ्या व्हान ऱ्हीडेची कबर तेथे आहे. नरारा येथे ओहोटीला चालत प्रवाळ पाहता येतात. त्यासाठी वनखात्याची परवानगी आधी काढावी. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची तारीख निवडावी, कारण तेव्हा पाणी सर्वांत दूर हटते. ओहोटीची नेमकी वेळ वेळापत्रकात पाहून मुलांनाच दिवसाचा कार्यक्रम आखू द्यावा.

प्रवाळावर पाय पडू नये आणि तुकडाही उचलू नये. २००१पासून भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. संग्रहासाठी काही आणायचेच असेल तर दोन बाटल्या पाणी आणावे : एक तापीच्या मुखाचे, एक नराऱ्याचे. दोन्ही वर्गात स्थिर ठेवून तळाशी किती गाळ बसतो ते मोजावे आणि तो कोठून आला असेल, याची चर्चा करावी.