‘पळून गेली’ म्हटलं की शोध थांबतो

मागच्या महिन्यात बैठक उरकली, बचतीचे पैसे मोजून झाले आणि आम्ही आठ-दहा जणी एका मोबाइलभोवती बसून ‘दहाड’ ही हिंदी मालिका बघायला लागलो. २०२३ साली आलेली आहे. राजस्थानातल्या गावांतून मुली नाहीशा होतात आणि पुढे कुठल्या तरी सार्वजनिक संडासात मेलेल्या सापडतात. अंगावर नवरीचा साज, दाराला आतून कडी. या सगळ्यामागे एक मास्तर असतो, बायको-मुलगा असलेला, बोलायला गोड. सोनाक्षी सिन्हा त्यात फौजदार आहे. बघता बघता आमच्यातली एक जण म्हणाली, “हे सिनेमावाल्यांचं काहीतरीच. एवढ्या बायका एकाच माणसाला फसतात होय?”

म्हणून आजचा विषय. कारण अगदी असंच घडलेलं आहे, आणि तेही आपल्या शेजारच्या कर्नाटकात.

मंगळूरजवळ बंटवाळ तालुका आहे. तिथला मोहन कुमार प्राथमिक शाळेत शिक्षक होता. पुढे वर्तमानपत्रांनी त्याला ‘सायनाइड मोहन’ म्हटलं. २००३ ते २००९ या काळात २० बायकांना मारल्याचे खटले त्याच्यावर चालले. त्याची रीत ठरलेली होती. गरीब घरातली, लग्नाचं वय उलटत चाललेली मुलगी हेरायची. तिला खोटं नाव सांगायचं, तिच्याच जातीचं. सरकारी नोकरी आहे म्हणायचं. ओळख वाढली की लग्नाचं वचन द्यायचं आणि घरी न सांगता दागिने घालून परगावी बोलवायचं. रात्री लॉजवर मुक्काम. सकाळी दागिने खोलीतच ठेवायला लावून तिला बसस्थानकावर न्यायचं आणि तिथे एक गोळी द्यायची. दिवस राहू नयेत म्हणून आहे, संडासात जाऊन घे, असं सांगायचं. ती आत जाऊन कडी लावायची. गोळीत सायनाइड असायचं. हा खोलीवर परत जाऊन सोनं घेऊन निघून जायचा.

तो दिसायला राजबिंडा असेल असं आम्हाला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. भुरळ पाडायला त्याच्याकडे एकच वाक्य होतं: मला हुंडा नको. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. म्हणजे जो माणूस नुसती कायदा पाळायची भाषा करत होता, तोच या मुलींना लाखात एक वाटला. मग मुलींना भोळ्या म्हणायचं की आणखी कुणाला काही म्हणायचं, ते तुम्हीच बघा. दहा स्थळं येऊन परत गेलेल्या घरात असा निरोप आला असता तर आपणही देवापुढे साखर ठेवली असती.

पण सहा वर्षं तो सापडला कसा नाही? बसस्थानकांवर मृतदेह तर मिळत होते. मैसूर, बंगळूर, मडिकेरी, हासन. त्या त्या गावच्या पोलिसांनी अनोळखी बाईचा अकस्मात मृत्यू म्हणून नोंद केली आणि कागद बंद केला. आतून कडी, म्हणजे आत्महत्या असणार. एका गावचा कागद दुसऱ्या गावच्या कागदाला कधी भेटलाच नाही. आणि घरच्यांनी? बऱ्याच घरांत हेच धरून चालले की पोरगी कुणाबरोबर तरी गेली, लग्न करून कुठेतरी नांदत असेल. पोलिसात गेलं तर अब्रू जाईल, धाकट्या बहिणींची लग्नं अडतील.

२००९च्या जूनमध्ये बंटवाळ तालुक्यातली एक २२ वर्षांची मुलगी अशीच गेली. ती दुसऱ्या धर्माच्या मुलाबरोबर पळाली अशी अफवा उठली आणि जमाव पोलीस ठाण्यावर गेला. मग तपासाला जोर आला. मुलगी हरवली म्हणून नव्हे, गावात दंगा होईल म्हणून. हे वाचताना आमच्या पोटात कालवलं. पोलिसांनी तिच्या फोनच्या नोंदी काढल्या, तर त्यात दुसऱ्या एका बेपत्ता बाईचा नंबर. तिच्या नोंदीत तिसरीचा. असा धागा धरत ते मोहन कुमारपर्यंत पोचले. ऑक्टोबरमध्ये त्याला अटक झाली. कोर्टात त्याने वकील न घेता स्वतःच आपली बाजू मांडली. २०१३ साली पहिल्यांदा शिक्षा झाली, फाशीची. पुढे २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने एका खटल्यातली फाशी रद्द करून जन्मठेप दिली. विसाव्या खटल्याचा निकाल लागायला २०२० उजाडलं.

त्याच २००९ साली गोव्यात फोंडा तालुक्यातल्या महानंद नाईकला अटक झाली. हा रिक्षा चालवायचा. तऱ्हा तीच: लग्नाचं वचन, दागिने घालून ये, आणि मग ओढणीने गळा. काही खटल्यांत तो सुटला, काहींत जन्मठेप झाली. तिथेही बऱ्याच घरांनी वाट बघत वर्षं काढली होती.

आता आमचीच गोष्ट सांगतो. आमच्या एका गटातली बाई सलग तीन बैठकांना आली नाही. ‘गेली कुणाबरोबर’ एवढंच कानावर आलं. आम्ही तिची बचत कर्जात वळती केली, वहीतल्या तिच्या नावावर रेघ मारली आणि पुढचा विषय घेतला. एकीनेही तिच्या आईला विचारलं नाही. आठ महिन्यांनी कळलं, ती नाशिकला एका कारखान्यात कामाला होती, सुखरूप होती. ती सुखरूप होती हे तिचं नशीब. आम्ही काही केलं नव्हतं.

माणूस हरवलं तर चोवीस तास थांबून मगच तक्रार घेतात, असं बऱ्याच जणी समजतात. असा काही नियम नाही. त्याच दिवशी ठाण्यात जाता येतं, नोंदीची प्रत मागता येते. ११२ वर फोन लागतो, बायकांसाठी १८१ आहे. जाणारी सज्ञान असली, आपल्या मर्जीने गेलेली असली, तरी ती बरी आहे ना एवढं विचारायला कुणाची हरकत नसते.

या महिन्यापासून हजेरीच्या वहीत आम्ही एक रकाना वाढवला आहे: घरच्यांशिवाय आणखी एका जवळच्या माणसाचा फोन नंबर. बहीण, मैत्रीण, मामी, कुणीही चालेल. पुढच्या बैठकीला येताना तो लिहून आणा. आणि मालिकेचे शेवटचे दोन भाग राहिलेत, त्यामुळे चार्जर आणायला विसरू नका.