७१६ दिवस मोजायचे नाहीत

आमच्या धंद्यात "डेट पुढे गेली" हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं. रिलीज पुढे जातं, क्लायंट चिडतो, कोणीतरी पिझ्झा मागवतो, विषय संपतो. कोर्टातली तारीख पुढे गेली की मात्र कोणाचा तरी पगार, कोणाची तरी भाड्याची खोली, नाहीतर कोणाची तरी तुरुंगातून सुटका पुढे जाते. एरवी हे एकेकाच्या बाबतीत होतं. साथ आली की अख्ख्या देशाच्या तारखा एकदम हलतात. २०२० मध्ये हे आपल्या डोळ्यांदेखत झालं, पण आपण सगळे तेव्हा डाळ-तांदूळ आणि वाय-फाय यांच्या काळजीत होतो, त्यामुळे कोर्टात काय चाललंय याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. आजचा लेख त्यावर. जरा लांबलाय, चहा घेऊन बसा. :)

सुरुवात इंग्लंडपासून करू, कारण आपल्या कोर्टांची घडण तिथूनच आलेली. लंडनची मोठी कोर्टं वर्षातून चार 'टर्म' भरायची. प्लेग आला की टर्म पुढे तरी ढकलायची, नाहीतर गाव तरी बदलायचं. १६२५ च्या साथीत शरदातली टर्म रेडिंगला भरली, १६६५ च्या मोठ्या प्लेगात ती ऑक्सफर्डला गेली. न्यायाधीश, कारकून, वकील आणि कागदांची गाठोडी, सगळा संसार पाठीवर. आजच्या भाषेत डिझास्टर रिकव्हरी साइट, फक्त बैलगाडीच्या किंवा घोडागाडीच्या वेगाने चालणारी.

जिल्ह्यांतली गोष्ट वेगळी होती. तिथे गंभीर गुन्ह्यांचे खटले चालवायला न्यायाधीश फिरतीवर यायचे, साधारण वर्षातून दोनदा. त्या कोर्टाला 'असाइझ' म्हणत. न्यायाधीश येईपर्यंत आरोपी तुरुंगात पडून राहायचे. अंधार, गर्दी, उवा आणि त्यातून पसरणारा ताप. जुलै १५७७ मध्ये ऑक्सफर्डला असं कोर्ट भरलं आणि त्यानंतर ताप पसरून सुमारे तीनशे माणसं मेली. तो बहुधा टायफस होता. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत तेच झालं. तिथे तर लॉर्ड मेयर आणि न्यायाधीशही दगावले. म्हणजे तारीख लांब म्हणून तुरुंग भरलेला, तुरुंग भरलेला म्हणून रोग वाढलेला, आणि तारीख आली की तोच रोग आरोपीबरोबर चालत कोर्टात यायचा. साथीमुळे तारीख लांबते हे सगळ्यांना दिसतं. लांबलेली तारीखही साथ वाढवते, हे सहसा लक्षात येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. हाच तो कायदा जो महाराष्ट्राने १३ मार्च २०२० ला पुन्हा बाहेर काढला. त्याच १८९७ मध्ये, ११ मार्चला, आणखी एक कायदा झाला: जनरल क्लॉजेस ॲक्ट. प्लेगशी याचा काही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग. पण त्यातलं १० वं कलम गमतीशीर आहे. एखादी गोष्ट करायच्या शेवटच्या दिवशी कोर्ट किंवा ऑफिस बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी केली तरी ती वेळेत केली असं धरायचं. दावे-अपिलांसाठी मुदतीच्या कायद्यातही असंच कलम आहे. किती साधं लॉजिक!

आणि त्याच वर्षी एक जामीनही गाजला. रँडवर गोळी झाडली गेली २२ जून १८९७ ला, टिळकांना राजद्रोहासाठी अटक झाली २७ जुलैला. आधी जामीन नाकारला गेला होता, ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो दिला. पुढे सप्टेंबरात शिक्षा झालीच, दीड वर्षाची. पण तोवर टिळकांनी आपल्या तारखेची वाट बाहेर राहून पाहिली, खटल्याची तयारी केली. तारीख कधीची हा एक प्रश्न, आणि तोवर माणूस कुठे हा दुसरा. हे दोन प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता मार्च २०२०. २२ ला जनता कर्फ्यू, २४ च्या रात्री लॉकडाऊनची घोषणा, आणि मधल्या दिवशी, २३ मार्चला, सुप्रीम कोर्टाने स्वतःहून एक आदेश काढला. सरन्यायाधीश होते आपल्या नागपूरचे शरद बोबडे. आदेशाचा मतलब असा: देशातल्या कुठल्याही कोर्टात किंवा ट्रिब्युनलमध्ये दावा, अर्ज, अपील करायची जी काही मुदत असेल, ती १५ मार्च २०२० पासून पुढचा आदेश येईपर्यंत वाढवली.

तुम्ही म्हणाल, "कोर्ट उघडेल त्या दिवशी या" हा नियम होताच की. होता, पण तो दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीसाठी ठीक आहे. इथे कोर्टं धड बंद नव्हती आणि धड चालूही नव्हती. तातडीची कामं चालू होती. शिवाय उघडेल त्या दिवशी सगळ्यांनी फायलिंगच्या खिडकीवर गर्दी केली असती, म्हणजे जे टाळायचं तेच. आणि प्रत्येकाने उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज द्यायचा तर त्या अर्जांचेच ढीग झाले असते. त्यामुळे सगळ्यांसाठी एकच आदेश हा उपाय शहाणपणाचाच होता. ६ मे ला त्यात लवाद आणि चेक बाउन्सच्या मुदतीही आल्या.

पुढचा इतिहास वाचताना मला आमच्या प्रोजेक्टची चेंज लॉग आठवते. ८ मार्च २०२१: साथ ओसरली, वाढीव मुदत बंद. २७ एप्रिल २०२१: दुसरी लाट, आधीचा आदेश पुन्हा चालू. २३ सप्टेंबर २०२१: २ ऑक्टोबरनंतर बंद. १० जानेवारी २०२२: ओमायक्रॉन आला, पुन्हा चालू आणि २८ फेब्रुवारी २०२२ ला कायमचा शेवट. हिशेब केला तर १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे ७१६ दिवस कायद्याच्या घड्याळात मोजायचेच नाहीत!

उदाहरण घ्या. २० फेब्रुवारी २०२० ला तुम्ही खालच्या कोर्टात एक दिवाणी दावा जिंकलात. समोरच्याला जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस. (नकला मिळायला लागणारे दिवस सोडून देऊ.) १४ मार्चपर्यंत त्याचे २३ दिवस संपले, उरले ७. ज्यांची मुदत मधल्या काळात संपत होती त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळाले. म्हणजे २१ मार्च २०२० ला संपणारी मुदत मे २०२२ च्या अखेरपर्यंत गेली. हरलेल्याला श्वास घ्यायला जागा मिळाली हे खरं, पण जिंकलेला माणूस सव्वादोन वर्षं जिंकला की नाही हे छातीठोकपणे सांगू शकत नव्हता. तारीख फुकटात हलत नाही, तिची किंमत कोणीतरी मोजतंच.

तरी इथवर प्रश्न कागदांचा होता. खरी मेख पुढे आहे.

आपल्या फौजदारी कायद्यात आणखी एक घड्याळ आहे. पोलिसांनी एखाद्याला अटक केली की तपास संपवून आरोपपत्र दाखल करायला गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवस मिळतात. तेवढ्यात ते आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नाही, पोलिसांनी वेळ पाळली नाही एवढं पुरतं. तेव्हा हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६७ व्या कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १८७ व्या कलमात आहे.

तर तमिळनाडूत एकाला २१ फेब्रुवारी २०२० ला चोरीच्या प्रकरणात अटक झाली. ६० दिवस संपले, ७३ झाले, आरोपपत्र नाही. त्याने जामीन मागितला. मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाने ११ मे ला तो नाकारला. का? तर सुप्रीम कोर्टाने सगळ्यांच्या मुदती वाढवल्यात ना, मग पोलिसांचीही वाढली! गंमत म्हणजे त्याच हायकोर्टाच्या दुसऱ्या एका न्यायमूर्तींनी तीनच दिवस आधी, ८ मे ला, दुसऱ्या प्रकरणात नेमकं उलट सांगितलं होतं. त्याच महिन्यात उत्तराखंड, केरळ आणि राजस्थानची हायकोर्टंही उलटच बाजूने गेली.

कोड लिहिणाऱ्या कोणालाही हा बग ओळखीचा वाटेल. कोणीतरी चांगल्या हेतूने एक ग्लोबल व्हेरिएबल बदलतो, आणि ते भलत्याच मॉड्यूलमध्ये वापरलेलं असतं. फरक एवढाच, की इथे त्या मॉड्यूलमध्ये माणूस बसला होता.

१९ जून २०२० ला सुप्रीम कोर्टाने याचा निकाल लावला. न्यायमूर्ती अशोक भूषण, एम. आर. शाह आणि व्ही. रामसुब्रमणियन. २३ मार्चचा आदेश पक्षकारांची अडचण होऊ नये म्हणून होता, पोलिसांना आरोपपत्रासाठी जादा वेळ द्यायला नव्हता, असं त्यांनी स्पष्ट केलं. लॉकडाऊनमध्येही पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आरोपपत्र ठेवता येत होतं. लॉकडाऊनची तुलना आणीबाणीशी करणंही कोर्टाने चुकीचं ठरवलं. आरोपीला जामीन मिळाला.

मला यातला महत्त्वाचा धागा असा वाटतो. मुदती दोन जातीच्या असतात. एक नागरिकाच्या डोक्यावरची: एवढ्या दिवसांत आलास तर ऐकू. दुसरी सरकारच्या डोक्यावरची, नागरिकाच्या रक्षणासाठी: एवढ्या दिवसांत काम केलं नाहीस तर माणूस सोड. संकटात पहिली सैल करणं ही माणुसकी आहे. दुसरी सैल केली की त्याच माणुसकीचा तुरुंग होतो. दोन्हींना 'मुदत' हाच शब्द आहे, म्हणून घोळ होतो.

त्याच २३ मार्चला सुप्रीम कोर्टाने दुसराही आदेश दिला होता: तुरुंगांतली गर्दी कमी करायला प्रत्येक राज्याने समिती नेमावी. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांतल्या कच्च्या कैद्यांना तात्पुरतं सोडायचा विचार व्हावा. याची गरज किती होती ते मुंबईत दिसलं. आर्थर रोड तुरुंगाची क्षमता आठशेच्या आसपास, आत त्याच्या तिपटीहून जास्त माणसं, आणि मे २०२० च्या सुरुवातीलाच शंभरावर कैद्यांना लागण. त्यानंतर महाराष्ट्रात सुमारे निम्मे, म्हणजे १७ हजारांच्या आसपास कैदी सोडायचं ठरलं. १५७७ च्या ऑक्सफर्डचा धडा आपण गिरवला, असं म्हणायला हरकत नाही.

पण सगळं गोड झालं असं नाही. आरोपपत्र आलं की ते ६० दिवसांचं घड्याळ संपतं. नंतरच्या सुनावणीला इतकं कडक घड्याळ नाही. ६ एप्रिल २०२० च्या आदेशाने व्हिडिओवर सुनावण्या सुरू झाल्या, पण साक्षी-पुरावे व्हिडिओवर घ्यायला दोन्ही पक्षांची संमती लागायची. उलटतपासणीत साक्षीदाराच्या शेजारी कॅमेऱ्याबाहेर कोण बसलंय ते कळत नाही, त्यामुळे ही अट समजण्यासारखी आहे. परिणाम मात्र हा की ज्यांना तात्पुरतं सोडता येत नव्हतं असे कच्चे कैदी आत, आणि त्यांची तारीख पुढे, पुढे, पुढे. देशातल्या खालच्या कोर्टांत साथीआधी सव्वातीन कोटींच्या आसपास खटले तुंबले होते, दोन वर्षांत ते चार कोटींवर गेले. त्यांतल्या प्रत्येकामागे निदान दोन माणसं धरा.

साथ पुन्हा येईल, तारखा पुन्हा हलतील, त्याला इलाज नाही. तेव्हा पहिला प्रश्न "किती दिवस पुढे?" हा विचारू नये. ही मुदत कोणाच्या रक्षणासाठी आहे, आणि नवी तारीख येईपर्यंत माणूस कुठे बसणार आहे, हे आधी विचारावं. दिवस त्यानंतर मोजता येतील.

असो. चहा संपला असेल. तुमच्या घरी कोणाची तारीख या ७१६ दिवसांत अडकली होती का? जरूर कळवा. भेटू पुढच्या शनिवारी.